ओझर–मुंबई: हवाई अंतर १५८ किलोमीटर, तरीही विमान का टिकलं नाही?

नाशिकचा ओझर विमानतळ आणि मुंबईचा विमानतळ यांच्यातलं हवाई अंतर सुमारे १५८ किलोमीटर. ताशी ४५० किलोमीटर वेगाने जाणारं छोटं विमान ते वीस-बावीस मिनिटांत कापतं. पण धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं, उतरण्यासाठी मुंबईवर ताटकळणं, हे सगळं धरलं की वेळ जवळपास दुप्पट होतो. नाशिकच्या विमानसेवेचा इतिहास समजून घ्यायचा तर आधी हा फरक ध्यानात घ्यायला हवा.

ओझरची धावपट्टी मुळात प्रवाशांसाठी बांधलीच नव्हती. १९६४ मध्ये इथे मिग-२१ लढाऊ विमानांसाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) या सरकारी विमाननिर्मिती कंपनीचा कारखाना उभा राहिला, आणि तीन किलोमीटरची धावपट्टी आजही त्यांच्याच ताब्यात आहे. शहराला लागून गांधीनगरचाही विमानतळ आहे, पण तो लष्कराचा. म्हणून नाशिककराला विमानासाठी वीसेक किलोमीटर ओझरला जावं लागतं. तिथलं प्रवासी टर्मिनल झालं २०१४ मध्ये, आणि नंतर बराच काळ ते जवळपास रिकामंच राहिलं.

डिसेंबर २०१७ मध्ये छोट्या शहरांना स्वस्त विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेत एअर डेक्कनने १९ आसनी विमानाने मुंबई आणि पुण्याची सेवा सुरू केली. शहरात तेव्हा मोठा उत्साह होता, आणि तो रास्तच होता. पण मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. अशा गर्दीत १९ जणांच्या विमानाला सोयीची वेळ मिळणं अवघड. शिवाय ओझरला जाणं, तपासणी, मुंबईत उतरून पुन्हा गाडी. घरून निघून फोर्टातल्या ऑफिसात पोचेपर्यंतचा हिशोब मांडला तर १९७५ पासून धावणारी पंचवटी एक्सप्रेस फार मागे राहत नाही. ही सेवा टिकली नाही, याचं मला वाईट वाटतं, पण तिचं गणितच कठीण होतं.

अंतर वाढलं की मात्र हेच गणित उलटतं. अहमदाबाद हवाई मार्गाने साधारण ३५० किलोमीटर, पण नाशिकहून गुजरातकडे सरळ रेल्वेमार्ग नाही. रेल्वेने जायचं तर कल्याण-वसईचा किंवा जळगावचा वळसा, रस्त्याने जायचं तर सापुताऱ्याचा घाट. हैदराबाद सुमारे ५७५, दिल्ली जवळजवळ ९९०. इथे जमिनीवरचे दोन-तीन तास गेले तरी विमानाने दिवस वाचतो. जेट एअरवेजने २०१८ मध्ये दिल्लीचं विमान सुरू केलं. कंपनीच कोलमडल्याने ते बंद पडलं, प्रवाशांअभावी नव्हे. मार्च २०२३ मध्ये इंडिगो आली तीही अहमदाबाद, नागपूर आणि गोवा घेऊन, मुंबई नव्हे.

पुण्याची गोष्ट थोडी वेगळी. ओझर आणि पुण्याचा विमानतळ जवळपास एकाच रेखांशावर आहेत, सरळ दक्षिणेला १७० किलोमीटर. नाशिक–पुणे सरळ रेल्वेमार्ग आजही नाही, त्यामुळे मुंबईपेक्षा या मार्गाला जास्त अर्थ होता, असं मला मनापासून वाटतं.

मुंबईचा प्रश्न आता रस्त्यानेच बराचसा सोडवलाय. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि कसारा घाटाला बोगद्याचा पर्याय मिळाला. ओझरकडून नाशिककरांनी आग्रहाने मागायला हवीत ती लांबची विमानं, आणि तीही सकाळी जाऊन रात्री परतता येईल अशा वेळांना.