सोन्याचं गाव ओळखायचं कसं?

कसोटीच्या दगडावर सोन्याचा कस कळतो, गाव कळत नाही. बेकायदा खाणवाल्यांचं फावतं ते इथेच. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातून चोरून काढलेलं सोनं परवान्याच्या सोन्याबरोबर एकदा मुशीत गेलं, की बाहेर पडते ती एकच लगड.

मागे राहतो तो पारा. नदीच्या गाळातले सोन्याचे बारीक कण पाऱ्याला चिकटतात; मग तो गोळा तापवला की ३५७ अंश सेल्सिअसला पारा उडून जातो आणि सोनं उरतं. उडालेला आणि सांडलेला पारा शेवटी पाण्यात उतरतो. तिथले जिवाणू त्याचं मिथिलमर्क्युरी करतात, ते माशांत साठत जातं. मासे हेच ज्यांचं रोजचं अन्न, त्या यानोमामी, मुंडुरुकू या तिथल्या आदिवासी लोकांच्या पोटात हे विष जातं. गर्भातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचतं. ही चोरी नुसती सोन्याची नाही.

खाण वेळेत दिसली तर पाहिजे! त्या जंगलावर बरेच महिने ढग असतात, साधी उपग्रह छायाचित्रं कामी येत नाहीत. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाच्या रडारलहरी मात्र ढगांतून आरपार जातात. झाडांवर आदळून त्या विखुरतात आणि काही उपग्रहाकडे परततात. खाणीच्या खड्ड्यात साचलेल्या संथ पाण्यावरून त्या दुसरीकडेच निघून जातात, म्हणून जिथे काल जंगल होतं तिथे आज काळा डाग दिसतो.

पण डाग दिसला म्हणजे काम झालं असं नाही. पेरूत २०१९ साली ला पाम्पा भागात पोलीस आणि लष्कर उतरलं. तिथलं खाणकाम खूप घटलं, आणि आसपासच्या दुसऱ्या भागांत नवे खड्डे पडले. म्हणून मला खरेदीदाराला धरणं जास्त महत्त्वाचं वाटतं. ब्राझीलमध्ये विक्रेत्यानं सांगितलेलं मूळ खरं मानण्याची मुभा खरेदीदाराला कायद्यानंच होती. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती स्थगित केली.

मग पुरावा कुठला? नैसर्गिक सोन्यात चांदी, तांबं, शिसं अशा धातूंचा अंश असतो आणि त्यांचं प्रमाण खाणीगणिक बदलतं; तोच त्या सोन्याचा ठसा. लेझरनं सोन्याचा अगदी सूक्ष्म कण उडवून हे प्रमाण मोजता येतं. ब्राझीलचे संघीय पोलीस निरनिराळ्या भागांतल्या सोन्याचे नमुने यासाठीच जमवत आहेत. शुद्धीकरणात मात्र हे अंश जवळजवळ निघून जातात, आणि दोन खाणींचं सोनं एकत्र वितळलं तर ठसेही एकमेकांत मिसळतात. तपासनिसाला नमुना गाठायचा असतो तो भट्टी पेटण्याआधी.