शेअर बाजाराची पडझड आणि संपत्तीचं वाटप (नागपूर-विदर्भाच्या संदर्भात)

थोड्या दिवसांत, कधी एकाच दिवसात, बहुतेक शेअर्सचे भाव कोसळणं म्हणजे शेअर बाजाराची पडझड. शेअर्स मुख्यतः पैसेवाल्यांकडे असतात, त्यामुळं कागदावरचं सगळ्यात मोठं नुकसान त्यांचंच दिसतं आणि विषमता काही काळ कमी झाल्यासारखी वाटते. पण वाटप खरं बदलतं ते नंतर, म्हणजे भाव तळाला असताना कोणाला नाइलाजानं विकावं लागलं आणि कोणाच्या हातात रोकड होती त्यावरून.

विदर्भाचा याच्याशी पहिला मोठा संबंध १८६५ चा. अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला जाणं जवळजवळ थांबलं आणि इकडच्या कापसाला, त्यात हिंगणघाट आणि वऱ्हाडचा मालही आला, तुफान भाव मिळायला लागला. तो पैसा मुंबईत बँका, फायनान्स कंपन्या आणि बॅकबे रेक्लमेशनच्या (समुद्र बुजवून जमीन करण्याच्या योजनेच्या) शेअर्समधे गेला, कापसाचे व्यापारी आणि शेअर दलाल प्रेमचंद रायचंद हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. पडझड नेमकी कधीची यावर मात्र एकमत नाही. काही जण एप्रिल १८६५ धरतात, कारण तेव्हा दक्षिणेकडच्या राज्यांचा सेनापती जनरल ली शरण आला आणि ती बातमी पोचल्यावर कापूस घसरला. काही जण १ जुलै १८६५ धरतात, कारण वायद्याचे (आधी भाव ठरवून पुढच्या तारखेला पैसे द्यायचे) सौदे त्या दिवशी चुकते करायचे होते आणि भल्याभल्यांना ते जमलं नाही. जुलैची तारीख जास्त पटते, भाव आधीपासून उतरत होते पण कोण बुडालं ते हिशेबाच्या दिवशीच उघड झालं. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर पुढं ८७ रुपयांना विकला गेला असा आकडा सगळीकडं दिला जातो.

तेजीच्या काळात नागपूरकडच्या शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, ही गोष्ट इंग्रज अधिकाऱ्याच्या लिखाणातून आलेली आहे आणि अजूनही तशीच उचलली जाते. एखाददुसरीकडं झालंही असेल, पण त्यावरून शेतकरी श्रीमंत झाला असं म्हणणं जड जातं. नागपूरला रेल्वे आली १८६७ मधे, म्हणजे तेजी संपल्यावर, आणि तोवर उचल, वाहतूक, भाव सगळं सावकार-दलालांच्या हातात होतं, त्यामुळं नफ्याचा मोठा वाटा मधल्यांकडं राहिला हे मत जास्त सयुक्तिक वाटतं. टाटा घराणंही या पडझडीत सापडलं होतं, पण इंग्रजांच्या ॲबिसिनियावरच्या (आजचं इथिओपिया) मोहिमेच्या (१८६७-६८) पुरवठ्याच्या कंत्राटातून ते सावरलं आणि १ जानेवारी १८७७ ला जमशेटजींची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. व्यापाऱ्याला अशी दुसरी संधी मिळू शकत होती, कर्जात अडकलेल्या कास्तकाराला ती क्वचितच मिळाली.

१९२९ ला न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराचा निर्देशांक डाऊ जोन्स ३८१ वर होता, जुलै १९३२ मधे तो ४१ वर आला. महामंदीचं हे एकमेव कारण नव्हे, आणि नागपूर-वऱ्हाडात शेअर्स तरी कोणाकडं होते, पण कापसाचे भाव पडले, शेतसारा आणि कर्जाचे हप्ते मात्र रुपयात तेवढेच राहिले. १९३१ नंतर भारतातून प्रचंड सोनं बाहेर गेलं, त्यात अडचणीत मोडलेले घराघरातले दागिने होते. मध्य प्रांतात १९३३ ला कर्ज तडजोडीचा कायदा करावा लागला तो याच पार्श्वभूमीवर.

विषमता कोणत्या पडझडीनं वाढते यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. फ्रेंच अर्थतज्ज्ञ पिकेटी यांचा भर १९१४ ते १९४५ मधल्या धक्क्यांनी बड्या संपत्तीचा वाटा घटला यावर आहे. कून, शुलारिक आणि श्टाइन्स या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेपुरतं दाखवलं की मध्यमवर्गाची संपत्ती घरात असते आणि वरच्यांची शेअर्समधे, त्यामुळं आधी काय सावरतं त्यावर सगळं अवलंबून. २००८ नंतर शेअर्स लवकर सावरले, घरं मागं राहिली. आपल्याकडं सोनं आणि जमीन हा भाग मोठा असल्यानं हे जसंच्या तसं लागू होत नाही, पण दिशा कळते.

१९९२ च्या हर्षद मेहता घोटाळ्यात २८ एप्रिलला सेन्सेक्स एका दिवसात सुमारे १२.८ टक्के पडला. कोरोनाच्या काळात २३ मार्च २०२० ला १३ टक्क्यांहून जास्त, आणि २१ जानेवारी २०२१ ला त्यानं ५० हजारांचा टप्पा ओलांडला. या दहा महिन्यांत ज्याचा पगार चालू होता त्याला स्वस्तात घेता आलं. नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरी औद्योगिक भागातल्या ज्या कामगाराचा पगार थांबला त्याला एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) मोडून घर चालवावं लागलं असेल तर वर येणारा बाजार त्याच्या उपयोगाचा राहत नाही.

मार्च २०२० ला देशात चार कोटींच्या आसपास डीमॅट खाती (शेअर्स ठेवायची खाती) होती, ऑगस्ट २०२२ ला ती दहा कोटींवर गेली. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ मधे फ्युचर्स-ऑप्शन्स (पुढच्या भावावर लावलेले वायदे-सौदे) करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले, एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त, आणि २०२३-२४ मधे ब्रोकर कंपन्यांच्या स्वतःच्या ट्रेडिंगनं सुमारे ३३ हजार कोटी, परदेशी गुंतवणूकदारांनी सुमारे २८ हजार कोटी कमावले. म्हणजे पैसा खालून वर सरकला तो मोठी पडझड न होताच, चढत्या बाजारात.