कीटकांतील मीलनसंकेत आणि पसंतीची आनुवंशिकी

जोडीदाराला बोलावण्यासाठी कीटक आवाज, गंध, प्रकाश किंवा हालचाल वापरतो. तो त्याचा मीलनसंकेत. त्याला समोरच्याकडून मिळणारा होकार किंवा नकार म्हणजे पसंती. दोन समूहांतले संकेत आणि त्यासोबत पसंतीही वेगळी झाली, की एकाच झाडावर राहूनही ते आपसांत जुगत नाहीत आणि कालांतराने त्यांच्या दोन जाती होतात.

इथे एक कोडे आहे. गाणे गातो नर, निवड करते मादी. उत्परिवर्तनाने एखाद्या नराचा ठेका बदलला आणि माद्यांची आवड जुनीच राहिली, तर त्याचे कुणी ऐकणार नाही. मग बदलाला सुरुवात तरी कशी होते?

याचा सर्वांत चांगला तपास हवाई बेटांवरच्या लौपाला या रातकिड्यांवर झाला आहे. यांच्या ३८ जाती. दिसायला इतक्या सारख्या, की ओळख पटते ती गाण्यावरून. नर एका पंखाची कानस, म्हणजे दातेरी शीर, दुसऱ्या पंखाच्या कडेवर घासतो आणि एकसुरी ठोके देत राहतो. लौपाला कोहालेन्सिस सेकंदाला सुमारे ३.७ ठोके देतो, तर लौपाला पॅरानिग्रा जेमतेम ०.७; म्हणजे एका ठोक्यानंतर दुसऱ्यासाठी जवळजवळ दीड सेकंद थांबावे लागते. मादी आपल्या जातीच्या ठेक्याकडेच चालत जाते.

प्रयोगशाळेत या दोन जातींचा संकर होतो आणि संततीही प्रजननक्षम असते. त्यामुळे जनुकांचा माग काढता आला. कॉर्नेल विद्यापीठातील केरी शॉ यांच्या गटाला आढळले, की ठेक्याचा वेग कुण्या एका जनुकाच्या हातात नाही. अनेक जनुके त्यात थोडाथोडा वाटा उचलतात. २००९ मध्ये त्याहून मोलाची गोष्ट पुढे आली : नराचा ठेका ठरवणारा गुणसूत्राचा एक पट्टा आणि मादीची पसंती ठरवणारा पट्टा एकाच जागी पडतात. पुढे असे आणखी पट्टे सापडले. एकच जनुक दोन्ही कामे करते, की दोन जनुके शेजारी असल्याने बरोबर वारशात जातात, हे मात्र एवढ्यावरून ठरत नाही. शेजार म्हणजे एकच घर नव्हे. काही का असेना, संकेत आणि पसंतीची ताटातूट सहजी होत नाही, आणि या वंशात जाती झपाट्याने का निर्माण झाल्या याचा एक धागा इथे मिळतो.

पतंगांची तऱ्हा निराळी आहे. त्यांच्यात मादी गंध सोडते आणि नर तो हुंगत येतो. आपल्याकडचे शेतकरी गुलाबी बोंडअळी आणि लष्करी अळीसाठी कामगंध सापळे लावतात, तेव्हा प्रत्येक किडीची ल्युर (सापळ्यात ठेवायचे गंधाचे आमिष) वेगळी घ्यावी लागते ती याच निवडखोरपणामुळे. युरोपातील मका पोखरणाऱ्या ऑस्ट्रिनिया पतंगाचे ई आणि झेड असे दोन प्रकार आहेत. दोघांचा गंध त्याच दोन घटकांचा, पण प्रमाण उलटे : झेडमध्ये साधारण ९७ : ३, तर ई मध्ये १ : ९९. मादीच्या ग्रंथीतले हे प्रमाण बदलणारे विकराचे जनुक २०१० मध्ये, तर नराच्या पसंतीमागचे ब्रिक-अ-ब्रॅक हे जनुक २०२१ मध्ये जाहीर झाले. ही दोन्ही जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत. इथे शेजाराचा आधार नाही. ई नर बहुतेकदा ई मादीकडेच जातो, म्हणून संकेत आणि पसंतीची जोडी पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहते.