जळजळीचा उगम : वजन घटवणाऱ्या शस्त्रक्रियांची पार्श्वभूमी

नागपुरात छातीत जळजळ झाली की पहिला संशय सावजी रश्श्यावर जातो, दुसरा तर्री पोह्यांवर. वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसालाही घरचे हेच ऐकवतात. मसाला अगदीच निर्दोष नाही म्हणा. पण 'स्लीव्ह', म्हणजे जठर कापून नळीसारखं करण्याची शस्त्रक्रिया, झालेल्या अनेकांच्या आंबट ढेकरांचं मूळ ताटात नसतं, जठराच्या नव्या आकारात असतं.

लठ्ठपणातच ॲसिडिटीची सोय असते. पोटातला दाब वाढतो, जठर आणि अन्ननलिका यांच्यामधली झडप सैल पडते, काहींना हायेटस हर्निया असतो, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला असतो. म्हणजे बरेच रुग्ण टेबलावर येतात तेच हा त्रास घेऊन.

1954 मध्ये अमेरिकेत मिनेसोटाच्या शल्यविशारदांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळणारी शस्त्रक्रिया मांडली. वजन उतरे, पण जुलाब, मूतखडे आणि यकृताचे विकार मागे लागत. 1966 मध्ये आयोवात एडवर्ड मेसन यांनी गॅस्ट्रिक बायपास सुरू केला. त्यात जठराचा वरचा भाग वेगळा करून केलेल्या छोट्या पिशवीला आतड्याची वेटोळी थेट जोडलेली असे, त्यामुळे पित्तरस वर चढायचा. 1977 मध्ये वॉर्ड ग्रिफेन यांनी इंग्रजी 'वाय'च्या आकाराची जोडणी वापरली आणि पित्ताची वाट दूर गेली. शिवाय छोट्या पिशवीत आम्ल तयार करणाऱ्या पेशी थोड्याच उरतात. जळजळ असलेल्या रुग्णाला आजही बायपास सुचवतात, तो यामुळेच.

स्लीव्हची गोष्ट वेगळी. ती मुळात अर्धीच शस्त्रक्रिया होती. 1988 मध्ये ती 'ड्युओडेनल स्विच' या मोठ्या शस्त्रक्रियेचा एक भाग म्हणून आली. पुढे 2000 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मिशेल गान्ये यांच्या चमूने अतिलठ्ठ रुग्णांचा धोका कमी करण्यासाठी काम दोन टप्प्यांत विभागलं : आधी जठर कापून नळीसारखं करायचं, आतड्याचं नंतर पाहायचं. काहींचं वजन पहिल्या टप्प्यातच इतकं उतरलं की दुसऱ्याची गरजच उरली नाही. आतड्याला जोड नाही, वेळ कमी, शिकायला सोपी. दहा-पंधरा वर्षांत ती वजन घटवण्यासाठी जगात सर्वाधिक होणारी शस्त्रक्रिया झाली. ॲसिडिटीचा हिशेब मात्र मागे राहिला.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढतात. त्यात वरचा घुमट, म्हणजे फंडस, जातो. जेवण आलं की सैल होऊन जागा करून देणारा भाग हाच. उरलेल्या अरुंद नळीत दाब वाढतो, आणि मध्येच ती आवळली गेली असेल तर आणखी. त्यात मेख अशी की रुडॉल्फ निसेन यांनी 1956 मध्ये मांडलेल्या रिफ्लक्सवरच्या, म्हणजे आम्ल अन्ननलिकेत वर चढण्यावरच्या, प्रसिद्ध शस्त्रक्रियेत हाच फंडस अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. स्लीव्हनंतर गुंडाळायला तो शिल्लकच नसतो.

दीर्घकालीन पुरावा उशिरा आला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्विस चाचणीत, आधीपासून रिफ्लक्स असलेल्यांपैकी स्लीव्हनंतर जवळपास 32 टक्क्यांचा त्रास पाच वर्षांत वाढला होता. बायपासनंतर 6 टक्क्यांचा. फिनलंडच्या चाचणीत दहा वर्षांनी एंडोस्कोपी केली तेव्हा अन्ननलिकेचा दाह स्लीव्ह गटात 31 टक्के, बायपास गटात 7 टक्के दिसला. अन्ननलिकेच्या अस्तरातला, कर्करोगाकडे नेऊ शकणारा बॅरेट बदल मात्र दोन्हीकडे सारखाच, 4 टक्के.

दाह नेहमी जाणवतोच असं नाही, म्हणून शस्त्रक्रियेआधी आणि नंतर ठरावीक काळाने एंडोस्कोपी हवी. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत शस्त्रक्रिया करून गोंदिया, चंद्रपूर किंवा छिंदवाड्याला परतलेल्या माणसाला ती फेरी टाळावीशी वाटते; गावातल्या मेडिकल स्टोअरमधली गॅसची गोळी जवळ पडते. गोळी जळजळ दाबते, आकार बदलत नाही. त्रास गोळ्यांनाही जुमानत नसेल, तर स्लीव्हचं रूपांतर बायपासमध्ये करतात.

कोणत्या बायपासमध्ये, हा भारतात पुढचा वाद. 1997 मध्ये रॉबर्ट रटलेज यांनी आणलेला 'मिनी बायपास' आपल्याकडे बराच होतो. त्यात आतड्याची एकच जोडणी असते, म्हणजे मेसन यांची वेटोळी परत आली, फक्त पिशवी लांब करून. पित्त वर चढणार नाही, असं समर्थक म्हणतात. विरोधक 1977 ची आठवण करून देतात.