आधी ब्रेक, मग क्लच

गळीत हंगामात लातूर-अंबाजोगाई रस्त्यावर उसाची ट्रॉली पुढं दिसली की मोटारसायकल शिकणारा नवशिका हमखास आधी क्लच आवळतो. गाडी बंद पडेल ही धास्ती. पण क्लच दाबताच इंजिनाचा चाकाशी संबंध तुटतो. अॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन चाकाला जो आवर घालत असतं, तो जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

गाडी बंद का पडते, हे कळलं की ही धास्ती निम्मी होते. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत पेट्रोल एकदाच पेटतं. उरलेला वेळ, मिश्रण दाबण्याचं अवघड काम धरून, फिरत्या वजनाच्या जोरावर निभतो. फेरे घटले की तो जोर पुरत नाही. शंभर सीसीचं इंजिन नुसतं चालू ठेवलं तर मिनिटाला साधारण १३०० फेरे घेतं. चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्या दहाएक फेऱ्यांना चाक एकदा फिरतं. चाकाचा घेर दोन मीटरला थोडा कमी. हिशेब मांडला तर वेग येतो ताशी चौदा-पंधरा किलोमीटर. त्याच्या बऱ्याच खाली उतरलं तरच गाडी बंद पडायची भीती. पहिल्या गिअरमध्ये तोच आकडा चारच्या आसपास, म्हणजे चालत्या माणसाइतका!

म्हणून अॅक्सिलरेटर सोडा, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा, वेग उतरेल तसे क्षणभर क्लच दाबून एकेक गिअर उतरवा. क्लच पूर्ण दाबायचा तो शेवटच्या काही फुटांत. एकदम कुत्रं आडवं आलं तर मात्र हा क्रम विसरा, ब्रेक आणि क्लच एकदमच दाबा.

गिअर चालत्या गाडीतच उतरवायचे, यालाही कारण आहे. गिअरची चाकं कायम एकमेकांत गुंतलेली असतात. बदलताना बाजूच्या खुंट्या सरकून खाचेत बसतात. गाडी उभी राहिली की खुंटीसमोर खाच येईलच असं नाही, आणि गिअर अडतो. मागं हॉर्न वाजत असताना पायानं जोर लावू नका. गाडी इंचभर पुढं-मागं ढकला, बसेल.

एवढं करूनही सिग्नलला क्लच पूर्ण दाबून गाडी पुढं सरकत असेल, तर आधी केबल बघा. लिव्हरच्या टोकाला बहुतेक गाड्यांत १० ते २० मिलिमीटर ढिलाई लागते. त्याहून जास्त असेल तर क्लचमधल्या प्लेटा एकमेकींपासून पुरत्या सुटत नाहीत.