फ्रिजमधला केक आणि शिळा भात

फोडणीच्या भाताला रात्रीचाच भात का लागतो? कारण त्याची शितं कडक आणि मोकळी झालेली असतात. शिजताना तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. गार झाला की त्याच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि शीत ताठरतं. वाढदिवसाचा केक रात्रभर फ्रिजमध्ये राहिला की आतला स्पंज भरभरीत लागतो, तोही मुख्यतः याच कारणाने. फक्त इथे स्टार्च मैद्यातला.

आपण म्हणतो, केक सुकला. पण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो याने १८५२ मध्येच पावाबाबत दाखवलं होतं, की ओलावा उडू दिला नाही तरी पाव शिळा होतोच. स्टार्चचं हे ताठरणं शून्य ते पाच अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत जोरात चालतं, म्हणजे नेमकं फ्रिजमध्ये! उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ते जवळपास थांबतं. म्हणून नुसता स्पंज एक-दोन दिवस घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेर ठेवावा, जास्त दिवसांसाठी नीट गुंडाळून फ्रीझरमध्ये.

क्रीम आलं की हा हिशोब उलटतो. दुधाच्या क्रीममध्ये पाणी, प्रथिनं, साखर सगळं आहे. ५ ते ६० अंशांच्या मधे जिवाणूंना आणखी काय हवं? असा केक दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासभरच. आपल्याकडचा मे महिना आठवा, आणि पाहुण्यांची वाट बघत टेबलावर घामाघूम झालेला केकही. स्टॅफिलोकॉकससारखे काही जिवाणू असं विष सोडतात, की नंतर गरम करूनही ते जात नाही. बऱ्याच बेकऱ्या वनस्पती तेलापासून केलेलं व्हिप क्रीम वापरतात. त्याची फुलं उकाड्यात जास्त वेळ ताठ उभी राहतात, पण त्यावरून केक खाण्याजोगा आहे असं समजू नये. क्रीमच्या केकसाठी स्पंजचा थोडा बळी द्यावाच लागतो.

फॉन्डंटची, म्हणजे केकवर लाटून चढवतात त्या साखरेच्या लगद्याची, गोष्ट निराळी. त्यात साखर इतकी, की पाणी जिवाणूंच्या वाट्याला येतच नाही. मुरांबा टिकतो तसंच. पण तीच साखर हवेतला ओलावा ओढते. थंडगार केक पावसाळी हवेत उघडा काढला, की त्यावर दव धरतं, रंग ओघळतात, नाव वाचता येत नाही. म्हणून फ्रिजमधून काढल्यावर खोका तासभर बंदच ठेवायचा, म्हणजे दव धरेल ते खोक्यावर. आत मात्र क्रीम असेल, तर हा तास वरच्या दोन तासांतच धरायचा. बंद खोक्याचा आणखी एक फायदा: स्निग्ध पदार्थ वास पटकन ओढून घेतात, आणि बोंबलाच्या वासाचा चॉकलेट केक कुणालाच नको असतो.

फ्रिजमध्ये नीट ठेवलेला तुकडा भरभरीत झालाच, तर वरचं क्रीम काढून तो मायक्रोवेव्हमध्ये दहा-पंधरा सेकंद फिरवावा. स्टार्च सैलावतो आणि स्पंज मऊ पडतो, पण खायचा लगेच. गार झाला की पुन्हा ताठरतो.