विश्वास, अश्रू आणि रस न मिळालेलं माकड

मयताच्या घरी एक वाक्य हमखास कानावर पडतं. वांद्र्याचं गावठाण असो की भायखळ्याची चाळ, शवपेटी अजून घरातच असते आणि कुणी वडीलधारी बाई नवरा गेलेलीचा हात धरून म्हणते, "रडू नको गं, तो प्रभूपाशी गेलाय. आपल्याला आशा आहे ना?" म्हणणारीच्या मनात मायाच असते. पण त्या वाक्यात एक हिशेब लपलेला आहे: रडणं जितकं कमी, तितका विश्वास पक्का. हा हिशेब मेंदूविज्ञानाला मान्य नाही, आणि बायबललाही नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढून बघा. येशूचा मित्र लाजर, त्याला कबरेत ठेवून चार दिवस झालेत. त्याची बहीण मार्था म्हणते, शेवटल्या दिवशी तो पुन्हा उठेल हे मला ठाऊक आहे. म्हणजे पुनरुत्थानाची शिकवण तिथे २४व्या वचनातच येऊन गेली आहे. तरी ३५व्या वचनात येशू रडतो, आणि तेही थोड्याच वेळात आपण लाजराला हाक मारून उठवणार हे माहीत असताना. आशा आणि अश्रू एकाच पानावर आहेत. प्रेषित पौलही पत्रातून थेस्सलनीकाकरांना 'आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका' म्हणतो; शोकच करू नका असं म्हणत नाही.

दुसरा गैरसमज सुशिक्षितांचा. दुःखाच्या म्हणे पाच पायऱ्या असतात: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये हे मांडलं, पण ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या पायऱ्या नंतर चिकटल्या. शोक असा क्रमाने जात नाही, हे पुढच्या अभ्यासांतून पुरेसं स्पष्ट झालंय. तरी व्हॉट्सअॅपवर त्या फिरतात आणि 'सासूबाई अजून रागाच्याच पायरीवर आहेत' अशी निदानं घरबसल्या होतात.

मग शोकात मेंदू करतो काय? माझ्या मते तो शिकत असतो. हे समजायला एका माकडाकडे जावं लागेल.

वुल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींवर (डोपामिन म्हणजे बक्षिसाशी निगडित असलेलं मेंदूतलं रसायन) बारीक तारा लावून नोंदी घेतल्या. दिवा लागतो, थोड्या वेळाने तोंडात फळाचा रस येतो. सुरुवातीला रस मिळाला की पेशी उसळतात. हे पुन्हा पुन्हा झाल्यावर मात्र त्या रसाला उसळत नाहीत, दिव्याला उसळतात. रस येणार हे मेंदूने गृहीत धरलेलं असतं. आता दिवा लावायचा, पण रस द्यायचा नाही. बरोबर ज्या क्षणी रस यायला हवा होता, त्या क्षणी पेशींचं काम खाली घसरतं. काहीही घडलेलं नाही, आणि मेंदूने ते 'काहीही नाही' वेळेसकट नोंदवलंय! अपेक्षा आणि वास्तव यांतल्या या फरकाला अंदाजातली चूक म्हणतात. शुल्ट्झ, डायन आणि मॉन्टेग्यू यांचा १९९७ चा शोधनिबंध यावरचा मैलाचा दगड मानला जातो.

आता विरार लोकलने तीस वर्षं ये-जा केलेल्या माणसाची बायको डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी पावणेआठला कडी वाजते, चपला काढल्याचा आवाज येतो, चहाचं आधण चढतं. तिच्या मेंदूने हा अंदाज हजारो वेळा बांधला आणि तो हजारो वेळा खरा ठरला. माणूस गेल्यावर अंदाज काही दफन होत नाही. पावणेआठ वाजतातच. उंदरांच्या मेंदूतही याच्याशी जुळणारं काही सापडलंय. २०१३ मध्ये मोझर दांपत्याच्या प्रयोगशाळेने (पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं) अशा पेशी दाखवल्या की ठरावीक जागेवरची वस्तू उचलून नेल्यावर उंदीर तिथे गेला, की त्या जाग्या होतात. दात पडल्यावर जीभ जशी खळग्याकडेच जाते, तसं.

एक मेख आहे. जुना अंदाज पुसला जात नाही. रस न देता दिवा पुन्हा पुन्हा लावला की माकडाचा मेंदू 'आता रस येत नाही' हे नवं शिकतो, पण जुन्या शिकण्याच्या वर एक थर चढवून. आणि हा थर बराचसा त्या-त्या ठिकाणाला, त्या-त्या प्रसंगाला बांधलेला असतो. खाण्याच्या इशाऱ्यालाच लाळ गाळायला शिकलेल्या पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांतही, इशाऱ्यामागे खाणं न आल्याने विझलेली लाळ मध्ये काळ गेल्यावर परत सुटायची. म्हणून बाई आठ-नऊ महिन्यांत सावरते, पावणेआठची सवय मोडते, आणि डिसेंबरात नाताळच्या फराळाचे कुलकुल्स वळायला बसल्यावर पार कोसळते. ती मागे गेलेली नसते. नाताळच्या ताटापुरतं तिच्या मेंदूने अजून काहीच शिकलेलं नसतं.

इथून दुखणाऱ्या आणि अडकलेल्या शोकातला फरक दिसू लागतो. मेरी-फ्रान्सिस ओकॉनर यांनी २००८ मध्ये, स्तनाच्या कर्करोगाने आई किंवा बहीण गमावलेल्या २३ स्त्रियांना त्या व्यक्तीचा फोटो दाखवत मेंदूचं स्कॅनिंग केलं. वेदनेशी निगडित भाग सगळ्यांचेच उजळले. पण ज्यांचा शोक अडकून पडला होता, त्यांच्यातच न्यूक्लिअस अॅक्युम्बन्स हा भागही पेटला, आणि ओढ जितकी जास्त तितका जास्त. डोपामिनच्या वाटेवरचं, हवंहवंसं वाटण्याचं हे ठाणं. म्हणजे मेंदूचा तो कोपरा अजून रसाची वाट बघत होता. अभ्यास लहान आहे. माकडाच्या रसावरून माणसाच्या नवऱ्यावर उडी मारताना मीही जपूनच मारतोय. पण दिशा मला पटते.

दिशा खरी असेल, तर टाळाटाळ घातक का ते कळतं. दिवाच लावला नाही, तर रस येत नाही हे शिकणार कसं? कबरीवर न जाणं, फोटो उलटा ठेवणं, नाव काढू न देणं, यांनी वेदना टळते आणि शिकणंही टळतं. 'रडू नको' हा टाळाटाळीचाच एक धार्मिक प्रकार आहे. उलट चर्चने पिढ्यान्‌पिढ्या दिवे लावायची सोय करून ठेवलीय. महिन्याचा मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी), वर्षाचा मिस्सा, २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, शिवडीच्या कब्रस्तानात मेणबत्त्यांची गर्दी. वारा एक वात विझवतो, शेजारच्या कबरीवरची अनोळखी बाई स्वतःच्या मेणबत्तीने ती पुन्हा पेटवून देते. नाव वाचायचं, हार घालायचा, घरी जायचं. मोशेसाठी इस्राएल लोकांनी तीस दिवस शोक केला आणि मग तो संपवला, असं बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात आहे. शोकाला जागाही दिली आणि काठही.

जाता जाता भुतांबद्दल. वेल्समधल्या डेवी रीस या डॉक्टरने १९७१ मध्ये २९३ विधवा-विधुरांना विचारलं, तेव्हा जवळजवळ निम्म्यांनी सांगितलं की गेलेला जोडीदार जवळ असल्याचं जाणवतं. काहींना तो दिसला, काहींनी आवाज ऐकला. बहुतेकांना त्याने धीरच वाटायचा. मेंदूचा जुना अंदाज अधूनमधून इतका जोर धरतो. अशा बाईला 'आत्मा अडकलाय' म्हणून भुतं काढणाऱ्या सभेला नेणारे महाभाग आपल्यात आहेत. तिला सभेची नाही, ऐकून घेणाऱ्याची गरज असते.

मात्र अडकणं खरंच असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, दीर्घ शोकविकार हे निदान आलंय: सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र ओढ किंवा तोच एक विचार, रोजचं जगणं ठप्प, आणि हे सगळं त्या समाजाच्या व धर्माच्या रिवाजापलीकडे. अमेरिकन निकषात मोठ्यांसाठी मुदत वर्षाची आहे. आप्त गमावलेल्या प्रौढांत साधारण दहात एक जण या गटात मोडतो असं एकत्रित अभ्यास सांगतात. उरलेले नऊ रडतात, जेवतात, पुन्हा रडतात आणि कामाला लागतात.

बायबलमधला अडकलेला माणूस म्हणजे याकोब. लाडका मुलगा योसेफ याचा रक्ताने माखलेला झगा समोर आला, प्रेत नाही. मुलं सांत्वन करायला आली, त्याने सांत्वन घ्यायचंच नाकारलं. योसेफाच्या वयांवरून हिशेब केला तर या शोकाची सुमारे २२ वर्षं निघतात, आणि तरीही तो धाकट्या बन्यामिनाला नजरेआड होऊ देत नव्हता. (योसेफ खरोखरच जिवंत होता, तेव्हा हे उदाहरण थोडं तिरकं आहे, मान्य.) पण प्रेत न पाहिलेल्याचा मेंदू पुरावा मागत राहतो, हे २०२० च्या कोविडने मुंबईला दाखवलं. बंद पिशवी, वीसच माणसं, शेवटचं तोंड पाहणं नाही. तेव्हा माणूस गमावलेल्यांतल्या काहींच्या घरी कडी अजून वाजते.

अडकलेल्यांसाठी कॅथरिन शिअर यांनी सोळा भेटींची उपचारपद्धत बांधली. त्यातला मुख्य भाग असा: डोळे मिटून मृत्यूची बातमी कळली तो प्रसंग वर्तमानकाळात सांगायचा, तो रेकॉर्ड करायचा आणि घरी रोज ऐकायचा. त्याच्याच जोडीला, टाळलेल्या जागी जायचं. २००५ च्या चाचणीत याने ५१ टक्के लोकांना फायदा झाला, तुलनेच्या उपचाराने २८ टक्क्यांना. २०१६ च्या चाचणीत नैराश्याची गोळी जोडून पाहिली. सोबतच्या नैराश्याला तिने हातभार लावला, शोकाला विशेष नाही. स्तोत्रसंहितेतली विलापस्तोत्रं मला याच्या फार जवळची वाटतात. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे.

म्हणून वर्ष उलटूनही घरातलं कुणी जेवत नसेल, कामाला जात नसेल, 'मलाही तिकडेच जायचंय' असं म्हणत असेल, तर नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) वाढवत बसू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि फोन लावायला फादरांची किंवा पाळकांची परवानगी लागत नाही.